स्कॅन केला नाही, डोळे पाहिले

डॉक्टर, सप्रेम नमस्कार.

आम्ही कोकणात तालुक्याच्या गावी राहतो. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे माझ्या सासूबाई, वय 66, उठून बसल्या आणि "घर फिरतंय, मला धर" म्हणत पलंगाची कड पकडून राहिल्या. मग उलट्या सुरू झाल्या. आदल्या दिवशीचा उपास, त्यात साबुदाणा आणि शेंगदाणे, म्हणजे पित्तच असणार असं समजून मी कोकम सरबत दिलं. तेही उलटलं. दहा वाजले तरी गरगर थांबेना, तेव्हा शेजारच्यांच्या रिक्षातून त्यांना दवाखान्यात नेलं. मिस्टर कामासाठी बाहेरगावी होते.

ड्यूटीवर एक तरुण डॉक्टर मुलगी होती. तिने बीपी, साखर, ईसीजी पाहिला. मग आईंचं डोकं दोन्ही हातांत धरून "माझ्या नाकाकडे बघत राहा" म्हणाली आणि मानेला अचानक छोटासा झटका दिला. असं पाच-सहा वेळा, कधी उजवीकडे, कधी डावीकडे. उजवीकडे झटका दिला की आईंचे डोळे जरा उडी मारून परत येत होते, ते मलाही दिसलं. तिने एक डोळा झाकला, मग दुसरा. डोळ्यांपुढे कोरा कागद धरला. कानाशी बोटं चोळून "ऐकू येतं का?" विचारलं. आधाराशिवाय बसवलं, धरून चार पावलं चालवलं. मग म्हणाली, "उजव्या कानाकडचा बिघाड आहे, मेंदूचा दिसत नाही. आज ठेवून घेऊ." तिसऱ्या दिवशी घरी आलो, आठवड्याभरात आई अंगणात फिरू लागल्या.

पण पुण्याहून नणंदबाई आल्या आणि म्हणाल्या, "स्कॅन न करता नुसती मान हलवून पाठवलं आणि तू ऐकून घेतलंस?" तेव्हापासून घरात मीच अपराधी. त्यात आता पाच आठवड्यांनी नवीन सुरू झालं आहे. रात्री उजव्या कुशीला वळल्या की आईंना अर्धा मिनिट गरगरतं आणि थांबतं. दुसऱ्या एका डॉक्टरांनी मानेचा एक्स-रे काढला, त्यात स्पॉन्डिलोसिस निघाला, म्हणून पट्टा दिला आहे. चकरेच्या गोळ्या पहिल्या दिवसापासून दिवसातून तीनदा चालूच आहेत.

ती मुलगी चुकली का? आता एमआरआय करावा का? पुण्यात कानात गरम-गार पाणी सोडून तपासतात म्हणे, ते करावं का? आणि मान हलवण्याची ती तपासणी मी घरी शिकू शकते का?

एक सून

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा निव्वळ समाधानासाठी. त्या डॉक्टर मुलीने केलेली एकेक गोष्ट तुम्ही टिपली आहे आणि त्यातली एकही वायफळ नाही. ती चुकली नाही. तुम्हीही नाही. पण एवढ्यावर नणंदबाईंचं समाधान व्हायचं नाही, म्हणून जरा तपशिलात सांगते.

घरात वर्तमानपत्र असेल तर घ्या. हातभर अंतरावर धरा आणि "नाही, नाही" अशी मान भरभर हलवत त्यातली बारीक अक्षरं वाचा. वाचता येतात. आता मान स्थिर ठेवून तेवढ्याच वेगाने वर्तमानपत्र हलवा. अक्षरांचं पिठलं होतं. हालचाल दोन्ही वेळा तेवढीच होती, मग हा फरक का? पहिल्या वेळी डोळ्यांना कानाने आधी खबर दिली, म्हणून.

आतल्या कानात दोन्ही बाजूंना तीन-तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात आणि त्यांत द्रव भरलेला असतो. डोकं उजवीकडे वळलं की तो द्रव क्षणभर मागे राहतो, एसटी एकदम पुढे निघाली की उभे प्रवासी मागे झुकतात तसा. ती ओढ मज्जातंतू टिपतो आणि अवघ्या तीन पेशींच्या साखळीतून डोळ्यांच्या स्नायूंना निरोप पोचतो, की डावीकडे वळा, तेवढेच आणि तेवढ्याच वेगाने. या सगळ्याला सेकंदाचा जेमतेम शंभरावा भाग लागतो. नुसत्या नजरेने हलत्या वस्तूच्या मागे लागायचं तर डोळ्यांना याच्या दहापट वेळ हवा. आपण रस्त्याने चालत मोबाइलवर व्हिडिओ काढला तर तो हिंदकळतो, पण चालताना आपल्याला समोरचा रस्ता हिंदकळताना दिसत नाही, तो या कानाच्या कृपेने.

ज्यांची ही सोय दोन्ही कानांकडून जाते त्यांचे हाल पाहिले की तिची किंमत कळते. 1952 साली एका अमेरिकन डॉक्टरने स्वतःचा अनुभव लिहून ठेवला आहे. गुडघ्याच्या क्षयासाठी घेतलेल्या स्ट्रेप्टोमायसिनने त्याच्या दोन्ही कानांचा तोल गेला होता. वाचायचं तर तो पलंगाच्या दोन गजांत डोकं अडकवून घ्यायचा, कारण नाडीच्या ठोक्यागणिक अक्षरं नाचायची. आपल्याकडेही क्षयासाठी ही इंजेक्शनं वर्षानुवर्षं दिली गेली. "चालताना सगळं हलतं" अशी तक्रार घेऊन एखादे आजोबा आले की मी इंजेक्शनांचा इतिहास विचारतेच.

आता आईंच्या मानेचा झटका. ही तपासणी 1988 मध्ये सिडनीच्या मायकेल हॅलमागी आणि इयन कर्थॉइस यांनी मांडली. रुग्णाने डॉक्टरच्या नाकावर नजर रोखायची, डॉक्टरने डोकं अंदाज येऊ न देता थोडंसंच, पण चपळाईने वळवायचं. कान ठीक असेल तर नजर नाकावर खिळून राहते. कानाकडून निरोप आला नाही तर डोळे डोक्याबरोबर वाहून जातात आणि मग चूक लक्षात आल्यासारखे उडी मारून नाकावर परत येतात. तुम्ही पाहिलीत ती हीच उडी.

झटकाच का, हळू फिरवून का चालत नाही? कारण हळू हालचालीत चांगला कान दुसऱ्याची उणीव झाकून टाकतो. डोकं स्थिर असतानाही दोन्ही बाजूंचे मज्जातंतू सतत संदेश पाठवत असतात. डोकं आपल्या बाजूला वळलं की संदेश वाढतात, पलीकडे वळलं की घटतात. वाढायला भरपूर वाव आहे, पण घटून घटून शून्याखाली काय घटणार? म्हणून डोकं जोरात उजवीकडे नेलं की डावा कान एकटा अपुरा पडतो आणि उजव्याचं पितळ उघडं पडतं.

इथवर सोपं आहे. यापुढे मात्र भल्याभल्यांची फसगत होते, माझीही झाली आहे. एरवी कुठलीही तपासणी नॉर्मल आली की आपण सुटलो म्हणतो. इथे गणित उलटं आहे. माणूस तासन् तास अखंड गरगरतो आहे, उलट्या होताहेत, डोळे थरथरताहेत आणि तरी झटक्याच्या तपासणीत त्याची नजर जराही ढळत नाही, म्हणजे कान ते डोळे ही तार शाबूत आहे. मग गरगर येते कुठून? लहान मेंदूकडून किंवा मेंदूच्या देठाकडून. तिथे स्ट्रोक असू शकतो. तपासणीत दोष सापडला, तर तो बहुधा कानाच्या मज्जातंतूची सूज असतो आणि ती आपोआप ओसरते. थोडक्यात, आईंचे डोळे उडी मारत होते हीच त्या दिवशीची चांगली बातमी होती.

निवासी डॉक्टर असताना एका रात्रपाळीला पन्नाशीचे एक गृहस्थ असेच गरगरत आले. मी नवीनच शिकलेली तपासणी मोठ्या ऐटीत केली. नजर नाकावर घट्ट. "नॉर्मल" लिहिलं, गोळ्या दिल्या आणि घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते परत आले तेव्हा त्यांना नीट बसताही येत नव्हतं. लहान मेंदूचा स्ट्रोक होता. जीव वाचला, पण चाल कायमची बिघडली. माझा हात बरोबर चालला होता, अर्थ चुकला होता.

म्हणून ही तपासणी कधी एकटी करत नाहीत. डोळ्यांच्या थरथरीला आम्ही निस्टॅग्मस म्हणतो. कानाच्या बिघाडात तिचा ठोका एकाच दिशेला पडतो, चांगल्या कानाकडे. रुग्णाने उजवीकडे पाहो की डावीकडे, ती दिशा पालटत नाही. उजवीकडे पाहताना उजवा ठोका आणि डावीकडे पाहताना डावा पडला, तर मेंदूकडे बोट जातं. कोरा कागदही याचसाठी. नजर टेकवायला काही नसलं की कानाची थरथर वाढते. शहरात यासाठी जाड भिंगांचा चश्मा वापरतात, त्या मुलीने कागदावर भागवलं आणि मला ते फार आवडलं. आळीपाळीने डोळे झाकायचे ते एक डोळा दुसऱ्यापेक्षा खाली-वर सरकला आहे का, हे पाहण्यासाठी. उभ्या रेषेतलं हे सरकणं कानाच्या साध्या सुजेत सहसा सापडत नाही. झटका, थरथर आणि हे झाकणं, या तिघांच्या संचाला हिंट्स म्हणतात.

बोटं कानाशी का चोळली? कारण एक लबाड स्ट्रोक असा असतो, ज्यात आतल्या कानाचाच रक्तपुरवठा तुटतो. त्यात झटक्याची तपासणी कानाच्या सुजेसारखीच दिसते, पण ऐकू येणं एकाएकी कमी झालेलं असतं. आणि आधाराशिवाय बसवून पाहिलं, कारण कानाचा रुग्ण झोक खात का होईना बसतो. ज्याला हात सोडून बसताच येत नाही, त्याला मी घरी पाठवत नाही, बाकी काहीही दिसो.

आता नणंदबाईंचा मुद्दा. 2009 मध्ये अमेरिकेत 101 रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळे अखंड गरगर असलेले आणि स्ट्रोकचा धोका असलेले होते. त्यात खाटेशी बसून केलेल्या या तीन तपासण्यांतून एकही स्ट्रोक निसटला नाही. उलट ज्यांना स्ट्रोक होता त्यांपैकी 12 टक्के लोकांचा पहिला एमआरआय साफ आला होता. ते सगळे एमआरआय त्रास सुरू झाल्यापासून 48 तासांच्या आतले होते. सीटी स्कॅनची तर बातच नको, डोक्याच्या मागच्या भागातला ताजा स्ट्रोक त्यात बहुतेक वेळा दिसतच नाही. त्या सकाळी घाईने सीटी काढून "स्कॅन नॉर्मल" असा कागद हातात पडला असता, तर घरात कोणी तुम्हाला बोललं नसतं. पण त्या कागदाने सांगितलं फारसं काहीच नसतं.

नणंदबाईंची काळजी मात्र मी उडवून लावणार नाही. त्या अभ्यासात तपासणारे हात वर्षानुवर्षं हेच करणारे होते. हात नवखा असेल तर भरवसा बराच कमी होतो. शिवाय हा संच फक्त अखंड गरगर आणि डोळ्यांची थरथर असलेल्यांसाठी आहे. चक्कर येऊन थांबलेल्या माणसावर तो वापरला तर झटका नॉर्मलच येणार आणि उगाच स्ट्रोकची भीती बसणार. तेव्हा मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयाचे अनियमित ठोके असलेल्या साठीच्या पुढच्या रुग्णाबद्दल डॉक्टरच्या मनात शंका असेल, तर एमआरआय जरूर करावा आणि लवकर केलेला साफ आला तर दोन-तीन दिवसांनी पुन्हा करायची तयारी ठेवावी. आईंच्या बाबतीत चित्र स्पष्ट होतं, आणि त्या मुलीने त्यांना घरी न पाठवता नजरेखाली ठेवलं होतं.

आज, पाच आठवड्यांनी, त्या पहाटेसाठी एमआरआय करायची गरज मला दिसत नाही. कुशीवर वळल्यावर येणारी गरगर हा वेगळाच आजार आहे. आतल्या कानात चुनखडीचे बारीक कण एका जागी चिकटून असतात. ते सुटले आणि मागच्या नलिकेत शिरले की कूस बदलताच द्रव ढवळला जातो. मज्जातंतूच्या सुजेनंतर त्याच कानात असं होणं आम्हाला ओळखीचं आहे. मज्जातंतूच्या दोन शाखा असतात. वरची शाखा सुजते, कण जिथे चिकटलेले असतात ती जागा तिच्याच ताब्यात. मागच्या नलिकेची खालची शाखा मात्र बहुधा बचावते, त्यामुळे कण तिथे पोचले की ती बोंब मारू शकते.

याची परीक्षा वेगळी. तिला डिक्स-हॉलपाइक म्हणतात, 1952 मध्ये लंडनच्या मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी ती सविस्तर लिहिली. आईंना खाटेवर पाय लांब करून बसवतील, डोकं 45 अंश उजवीकडे वळवतील आणि पटकन मागे झोपवतील, डोकं खाटेच्या कडेखाली जरासं लोंबेल असं. दोन-चार सेकंद काही होणार नाही. मग गरगर सुरू होईल, डोळे वरच्या दिशेला आणि खालच्या कानाकडे गोल फिरत ठोके देतील आणि मिनिटाच्या आत सगळं शांत होईल. आईंना आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्या डॉक्टरचा हात झिडकारतील. हे सगळं असंच दिसलं तर स्कॅनचा प्रश्नच उरत नाही. डोळे सरळ खालच्या दिशेला ठोके देऊ लागले, गरगर थांबेचना किंवा दोन-तीनदा उपचार करूनही फरक पडला नाही, तर मग एमआरआय करा.

उपचार त्याच खाटेवर, पाच-सात मिनिटांचा. डोकं ठरावीक क्रमाने वळवत कण नलिकेतून मागे, मूळ खोलीत आणायचे. अमेरिकेतले जॉन एप्ली यांनी 1992 मध्ये हे प्रसिद्ध केलं. त्याआधी काही वर्षं त्यांना सहकाऱ्यांची चेष्टा सोसावी लागली होती, कारण ऑपरेशन नाही, औषध नाही, नुसतं डोकं फिरवून आजार बरा कसा होईल? बहुतेकांना एक-दोन बैठकांत बरं वाटतं. तुमच्या जवळच्या शहरात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना फोन करून "एप्ली करता का?" एवढंच विचारा.

पट्ट्याबद्दल. साठीनंतर मानेचा एक्स-रे काढला की स्पॉन्डिलोसिस निघतोच, केस पांढरे निघावेत तसा. त्याने मान दुखते, हाताला मुंग्या येतात, पण कुशीवर वळल्यावर अर्धा मिनिट घर फिरत नाही. महाराष्ट्रात चकरेसाठी बांधलेले हे पट्टे पाहून मला आता रागही येईनासा झाला आहे. मानेच्या दुखण्यासाठी दिला नसेल तर त्या डॉक्टरांशी बोलून काढून ठेवा.

गोळ्यांचं मात्र लगेच बघा. पाकिटावर प्रोक्लोरपेराझिन किंवा सिनारिझिन असं नाव आहे का? या गोळ्या पहिल्या दोन-चार दिवसांसाठी, उलट्या थांबवायला. पुढे त्याच नडतात. एक कान मंद झाल्यावर मेंदू नव्याने तोल सावरायला शिकत असतो आणि या गोळ्या त्याला पेंगवतात. म्हाताऱ्या माणसांत महिनोन् महिने चालल्या तर हात कापणं, चाल मंदावणं असं पार्किन्सनसारखं चित्र तयार होतं, मग त्यावर आणखी गोळ्या सुरू होतात. डॉक्टरांना दाखवून त्या बंद करून घ्या. त्याऐवजी आईंनी रोज अंगठा हातभर अंतरावर धरून, त्यावरची नजर न ढळवता मान डावी-उजवी हलवावी, मिनिटभर, दिवसातून तीन-चारदा, सुरुवातीला खुर्चीत बसून. आणि चालावं.

गरम-गार पाण्याची तपासणी जुनी आणि खरी आहे. तिच्यामागच्या कामासाठी रॉबर्ट बारानी यांना 1914 चं नोबेल मिळालं, ती बातमी त्यांना रशियाच्या युद्धकैद्यांच्या छावणीत कळली. 30 आणि 44 अंशांचं पाणी आळीपाळीने दोन्ही कानांत सोडतात, डोळ्यांची थरथर मोजतात. कोणता कान किती मंद आहे ते कळतं. पण आईंचा उजवा कान मंद आहे हे त्या मुलीने अर्ध्या मिनिटात सांगितलंच आहे, आणि आजच्या त्रासाशी या पाण्याचा संबंध नाही. तूर्त त्यासाठी पुण्याला जाऊ नका.

शेवटचा प्रश्न, घरी मान हलवावी का? नाही. स्पॉन्डिलोसिसच्या मानेला अडाणी झटका देणं धोक्याचं आहे, आणि डोळ्याची ती उडी पाहायला नजर तयार व्हावी लागते. शिवाय नॉर्मल दिसलं की तुम्ही निवांत व्हाल, म्हणजे माझीच चूक तुम्ही कराल. घरच्यांनी पाहायचं ते वेगळं. गरगर अखंड चालू आहे का? बोलणं जड झालंय? एकाचे दोन दिसतात? गिळताना ठसका लागतो, चेहऱ्याची किंवा अंगाची एक बाजू बधिर वाटते, डोकं किंवा मान कधी नव्हे इतकी दुखते, एका कानाने एकाएकी ऐकू येईनासं झालंय, हात सोडून बसता येत नाही? यातलं एक जरी असेल, तर पित्ताचा विचारही न करता 108 ला फोन करा आणि त्रास किती वाजता सुरू झाला ते घड्याळाच्या वेळेसह सांगा. गुठळी विरघळवण्याच्या इंजेक्शनासाठी साडेचार तासच हातात असतात. तुम्ही त्या दिवशी कोकम सरबतात सकाळ घालवलीत, तेवढं पुढच्या वेळी नको.

नणंदबाई पुढच्या खेपेला आल्या की चहाबरोबर त्यांच्या हातात वर्तमानपत्र द्या आणि आधी मान, मग कागद हलवायला सांगा. एप्लीसाठी जाताना त्यांनाच आईंबरोबर पाठवलंत तर आणखी बरं.